गंजी बघायला आलेले पाहुणे

“माझं सरपण कुठंय?”

माय परसात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या मागं, जिथं एरवी पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा माणसाएवढा ढीग असायचा, तिथं झाडून घेतल्यासारखी मोकळी जमीन होती.

“गंजीत,” मी रोजच्यासारखं म्हणालो.

“सगळं?”

“सगळं.”

“आन् आता पाव्हण्याच्या पुरणपोळ्या काय तुझ्या अण्णाच्या मिशावर भाजू?”

अण्णा ओसरीवर बसून त्याच मिशांना तेल लावत होते. त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण कर्ता माणूस असल्या बारीक गोष्टी ऐकत नसतो. थोड्या वेळानं आरशातच बघत ते म्हणाले, “गवऱ्या लाव की.”

“व्हत्या तेवढ्या इतके दिवस जाळल्या. नव्या गवऱ्याला शेण लागतंय,” माय म्हणाली. “शेणाला बैलानं खावं लागतंय.”

अण्णांनी एकदा खोकून घेतलं आणि विषय संपवला.

ही गोष्ट अडुसष्ट सालची, मार्गशीर्ष महिन्यातली. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आणि त्या दिवशी द्वारकेचे वडील आमचं घर बघायला येणार होते. घर बघायला येणार असं म्हणायची रीत. आमच्या पूर्णेकाठच्या भागात पोरगी द्यायची तर घर कुणी बघत नाही, दारातली कडब्याची गंजी बघतात. आणि ते बरोबरच आहे. भिंती बापजाद्यांनी बांधलेल्या असतात, गंजी यंदाची असते. पाहुणा ओसरीवर बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो, सुपारी कातरतो, आणि डोळ्यानं गंजीची लांबी-रुंदी घेत राहतो. हजार पेंढ्या म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. दोन हजार म्हणजे हुंडा कमी करायला सांगायची सोय नाही.

आमच्याकडं त्या साली पाचशेसुद्धा नव्हत्या.

कारण आमच्या अण्णांना हायब्रीड भेटलं होतं. तालुक्याहून एक साहेब आला, त्यानं पाराखाली बसून दाण्याचे आकडे सांगितले, आणि अण्णा गावात सगळ्यात आधी उठून उभे राहिले. अण्णांना कुठंही सगळ्यात आधी उभं राहायची फार हौस. बापाच्या वेळेपासूनची दगडी ज्वारी त्यांनी एका वर्षात हद्दपार केली. साहेबाचं खोटं नव्हतं बरं का. दाणा आला, पोत्यांनी आला. फक्त कडब्याचं काय, हे विचारायचं अण्णा विसरले आणि सांगायचं साहेब विसरला. दगडी ज्वारीत हत्ती शिरला तर सोंड दिसायची नाही. हायब्रीडमधून आमची कोंबडी बांधावरून दिसत होती. त्यात कणसं भरायला आणि परतीचा पाऊस यायला एक गाठ पडली. दाणा काळा पडला, कडबा बुरसला.

“दाणा हाय ना घरात? मग?” अण्णा गावाला सांगत.

घरात दाणा होता हे खरंच. पण बैलाला दाणा घालून भागत नाही, त्याला ओढायला काडी लागते. मी एकदा दया येऊन हरण्यापुढं घमेलंभर ज्वारी ठेवली होती. रात्रभर त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि मला त्याला गावाभोवती चालवत बसावं लागलं. तेव्हापासून तो उपायही बाद झाला.

आता द्वारकेचं सांगतो, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते कळेल.

तिला बघायला आम्ही तिघं गेलो होतो. मी, अण्णा आणि परसराममामा, म्हणजे माझ्या मायेचा भाऊ. ही सोयरीक त्यानंच काढली होती. पोरगी पाटावर बसली. नाव काय, गाव कोणतं, स्वयंपाक येतो का, असं सगळं झालं. मग अण्णांनी आपल्या मते फार खोलातला प्रश्न टाकला.

“बाई, एका पायलीत भाकरी किती व्हत्यात?”

द्वारकेनं मान वर केली नाही. म्हणाली, “पायली कोणाची? तुमच्या गावची का आमच्या?”

गावागावाची पायली वेगळी असते हे शेंबड्या पोराला माहीत. फक्त विचारणाऱ्याच्या लक्षात नव्हतं. तिचे वडील लिंबाजीराव आढ्याकडं बघायला लागले, ते हसू लपवत होते हे मला दिसलं. येताना गाडीत अण्णा म्हणाले, “पोरगी तोंडाळ हाय.” मला त्या पोरीशिवाय दुसरी कुणीही नको असं होऊन बसलं होतं. एकविसाव्या वर्षी माणसाला एवढ्यावर होतं.

“पण बापाला विहीर हाय,” मामा म्हणाला.

“मग चालंल,” अण्णा म्हणाले.

तर अशा माणसाला काय पाचशे बुरसट पेंढ्या दाखवायच्या? अण्णांनी तीन दिवस विचार केला. त्यांनी विचार केला की आमच्या घरात नेहमी कुणाला तरी काम लागायचं. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

“मुंजाजी, गंजी रचायची. दोन हजाराची दिसली पायजे.”

“पेंढ्या किती हायत?”

“दिसली पायजे म्हणलं मी.”

गंजी रचणं हे माझं काम. फुशारकी नाही, पण आजही पंचक्रोशीत कुणाला विचारा. पेंढीचं बुड बाहेर, शेंडा आत, थरावर थर, वर घराच्या पाख्यासारखा उतार. बाहेरून बघणाऱ्याला फक्त बुडखे दिसतात. शेंडा आत कुठवर गेलाय हे कुणी हात घालून बघत नाही. तेवढ्यावर माझं सगळं शास्त्र उभं राहिलं. मागच्या सालच्या दगडी ज्वारीच्या तीनशे पेंढ्या शिल्लक होत्या, पिवळ्या धमक, गोड. बैलांच्या हिवाळ्याची बेगमी होती ती. त्या प्रत्येकीचे मी कुऱ्हाडीनं दोन तुकडे केले. बुडाचे तुकडे भिंतींना, शेंड्याचे वर शाकारणीला. आत बाभळीच्या चार मेढी ठोकल्या आणि पोटात मायेचं वर्षाचं सरपण कोंबलं. जिथं भिंत पुरेना तिथं हायब्रीडच्या बुटक्या पेंढ्या लावल्या. हायब्रीडचा तेवढा एकच उपयोग मला आयुष्यात झाला.

झाली तेव्हा काय दिसत होती! गावातली माणसं वाट वाकडी करून बघायला आली. अण्णा तर तिच्याभोवती असे फिरायचे, जणू त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं.

माय बघून म्हणाली, “बडा घर पोकळ वासा,” आणि आत गेली.

पाहुणे चंपाषष्ठी झाली की दोन दिवसांत येणार होते. अण्णांचा हिशेब सोपा होता. दोन दिवस बैलांनी पालापाचोळ्यावर काढायचे, पाहुणे येऊन गेले की गंजी मोडायची. षष्ठी झाली आणि निरोप आला की लिंबाजीरावांचे चुलतभाऊ वारले. सुतक. तेरा दिवस सोयरिकीचं बोलणं नाही.

“मग मोडू का गंजी?” मी विचारलं. “परत रचीन.”

“कापलेल्या पेंढ्या परत रचशील? बैलानं खाल्ल्यावर?” अण्णा म्हणाले. “एक पेंढी उपसली की भगदाड दिसतंय. आन् पुढं पौष लागतोय. पौषात कोण सोयरीक बोलतंय? तेरा दिवसानं काय बैल मरत्यात व्हय?”

मेले नाहीत. अण्णांचा शब्द खरा ठरला. त्यांनी बांधावरचं वाळकं गवत खाल्लं, मी तोडून आणलेला बोरी-बाभळीचा पाला खाल्ला, काळ्या बुरसट कडब्यातलं जेवढं गिळता येईल तेवढं गिळलं. माय रोज आपल्या ताटातली अर्धी भाकरी नेऊन द्यायची. हरण्या आणि गुलब्या, दोघं मिळून अर्धी भाकरी. आणि आठ हातांवर गावातली सगळ्यात देखणी गंजी. सतरा दिवस आमच्या घरी हा देखावा चालला. पुण्या-मुंबईकडं लोक तिकीट काढून नाटक बघतात म्हणे. आमच्या बैलांना फुकट होतं.

आणि तो दिवस उजाडला. मायेनं शेजारून चार लाकडं मागून आणली आणि पुरण शिजायला टाकलं. दहाच्या सुमाराला लिंबाजीरावांची गाडी आली. सोबत परसराममामा. गाडीचे बैल असे होते की त्यांना बघून आपणच नमस्कार करावा. पाठीवर पाणी ठरणार नाही एवढी चकाकी.

लिंबाजीराव उतरले. बुटका, काटक माणूस, हातात काठी, डोक्याला पिळाचा पटका. त्यांनी पहिल्यांदा बघितली ती गंजीच.

“किसनराव,” ते म्हणाले, “ही तुमची?”

“आमची,” अण्णा म्हणाले. “यंदा जरा कमीच झाली.”

मला ठसका लागला. मामानं माझ्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात. मामाला सगळं माहीत होतं.

“रचली कुणी?”

“आमच्या मुंजाजीनं.”

लिंबाजीरावांनी गंजीला एक फेरी घातली. कोपऱ्याशी थांबून एक डोळा मिटून ओळंबा बघितला. बुडख्यांवरून हात फिरवला. आत घातला असता तर संपलं होतं. पण त्यांनी हात काढून घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “हात चांगला हाय तुझा. एक काडी फुडं न्हाई.”

देवा शप्पथ सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की द्वारका माझी झाली.

मग पाणी झालं, चहा झाला. लिंबाजीरावांना घर दाखवलं, हायब्रीडची पोती दाखवली. अण्णांनी भाव सांगितले, साहेबाचं कौतुक सांगितलं. पाहुणे हूं हूं करत होते. मध्येच म्हणाले, “जरा बैल बघतो,” आणि उठून गोठ्याकडं गेले. मी मागं गेलो.

ते हरण्याजवळ उभे राहिले. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि फासळ्यांवरून खाली आणला, एकेक फासळी, सावकाश. मग काठीच्या टोकानं शेणाचा एक पो उलटवला. सुका, शेळीच्या लेंडीसारखा गोळा, त्यात बाभळीच्या पानाचे देठ. ते वाकून बघत राहिले. त्यानंतर त्यांनी एकदा गोठ्याच्या जमिनीकडं बघितलं, एकदा अंगणापलीकडं गंजीकडं बघितलं आणि परत ओसरीवर जाऊन बसले.

ताटं वाढायला घेतली. लिंबाजीरावांनी हात धुतला नाही.

“किसनराव,” ते म्हणाले, “जेवायचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरचं अन्न खाऊन न्हाई म्हणायला बरं वाटत न्हाई.”

अण्णांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

“न्हाई? कामून न्हाई? काय कमी पडलं?”

“कमी काय न्हाई. तेच तर. दोन-अडीच हजार पेंढी दारात उभी हाय. दगडी कडबा, हात लावला की बोटं सांगत्यात माझी. आन् दारातल्या बैलाच्या फासळ्या मोजून घ्याव्या. सोन्यासारखी वैरण असून ज्या घरात बैल उपाशी मरतंय, त्या घरात माझी पोरगी काय खाईल? तिच्या मापटंभर भाताचाबी तुम्ही इचार करशाल. मला कंजूष सोयरा नगं.”

आत मायेची पळी वाजायची थांबली.

आता अण्णांचं झालं इकडं आड तिकडं विहीर. कंजूष नाही म्हणावं तर बैल उपाशी का, याचं उत्तर गंजीच्या पोटात. गंजीचं खरं सांगावं तर गरीब आणि वर लबाड. मी अण्णांकडं बघत होतो. माझ्या बापानं एवढा मोठा विचार एवढ्या कमी वेळात कधी केला नसेल. आणि मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि निवडलं.

“आता काय हाय पाव्हणं,” ते म्हणाले, “आमच्यात जरा काटकसर हाय. वाडवडलांपासून.”

“दाजी!” मामा खेकसला.

“मंजे, उन्हाळ्याला ठेवावं लागतं ना! आत्ताच सगळं घातलं तर...”

मला राहवलं नाही. एवढंच वाटलं की आता ही गोष्ट इथंच थांबली तर द्वारका जाते, आणि जाते ते पण कशापायी, तर आमच्याकडं कडबा जास्त आहे म्हणून! मी ओसरीवरून उडी मारली, पळत जाऊन गंजीच्या मधल्या थरातली एक पेंढी धरली आणि हिसका दिला. हातात अर्धीच पेंढी आली. दुसरी ओढली. तिसरी ओढली. भिंत ढासळली आणि आतून पऱ्हाट्यांचा लोट घसरत अंगणात आला, त्याच्यामागं तुराट्या, त्याच्यामागं एक म्हातारं मांजर, जे आत सतरा दिवस सुखानं राहत होतं.

“हे बगा,” मी ओरडलो. “कंजूष न्हाई आम्ही! काय बी न्हाई आमच्याकडं! तीनशे पेंढ्या व्हत्या, त्याबी कापून लावल्या. तुम्हाला दाखवायला.”

अण्णांनी डोळे मिटले.

मी दोन कवळे भरून कडबा नेला आणि हरण्या-गुलब्यापुढं टाकला. त्यांनी तो कसा खाल्ला ते मी सांगत नाही. फक्त आवाज सांगतो. अख्ख्या अंगणात दुसरा आवाज नव्हता, नुसतं कडकड, कडकड. तोवर माय बाहेर आली, कुणाकडं न बघता तिनं पऱ्हाट्यांचा मोठा भारा उचलला आणि आत जाता जाता म्हणाली, “पुरण कच्चं ऱ्हायलंय.”

लिंबाजीराव ओसरीच्या कडेला येऊन उभे होते. ते पडलेल्या गंजीकडं बघत होते. मेढी बघितल्या, कापलेली पेंढी उचलून दोन्ही टोकं बघितली. आणि मग हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग पटका सावरायची वेळ आली.

“आयला,” ते म्हणाले, “पन्नास वरसं कडबा हाताळतोय मी. हात फिरवला तरी कळलं न्हाई. काय रचलीस रे पोरा!”

मामा हसला. मग अण्णांनीसुद्धा एक डोळा उघडून वारं कुठं वाहतंय ते बघितलं आणि हळूच हसायला सुरुवात केली.

“लहानपणापासून हात चांगला त्याचा,” अण्णा म्हणाले. “आतलं सगळं माझं डोकं, पण हात त्याचा.”

बापाला लाज नव्हती, आणि त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला. खरंच सांगतो. सगळं जमून आलं होतं. लबाडी उघडी पडली होती, पाहुणा हसला होता, बैल खात होते, आत पुरणाचा वास सुटला होता. लिंबाजीरावांनी तांब्या मागितला आणि हात धुतला. माझ्या मनात तर हळदसुद्धा लागली.

“नसंना कडबा,” ते हात पुसत म्हणाले. “गरिबीचं काय. माझ्याकडं तरी लग्नाच्या वक्ताला काय व्हतं? साल येतंय, साल जातंय. एवढंच इचारतो.”

“इचारा की,” अण्णा म्हणाले.

“तुम्हाला न्हाई. मुंजाजीला.”

मी पुढं झालो.

लिंबाजीरावांनी काठीनं अंगणातली एक जागा दाखवली. गंजीपासून आठ हातांवर. तिथली जमीन बैलांच्या खुरांनी खोल झिजलेली होती, मध्ये खुंट्याचं भोक होतं. भोकात नवी माती.

“बैल तितं बांधत व्हतास ना तू? वर्षानुवर्षं तितंच असणार. जमीन सांगती. आन् आता ते तिकडं, भिताडाकडं तोंड करून बांधलेत. खुंटा कामून हलवला?”

मी पायानं भोकातली माती दाबली.

“तितं सावली हाय म्हणून आसंल,” मामा म्हणाला.

“मार्गेसरात सावली?” लिंबाजीराव म्हणाले. त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही. आवाज मात्र मऊ होता, कुणी आजाऱ्याला विचारावं तसा. “बोल की रे. मी काय मारत न्हाई.”

खोटं बोलता आलं असतं. घरात शिकवणारा गुरू बसला होता. पण मघाशी एकदा खरं बोलून मला चटक लागली होती, खरं बोललं की पाहुणा हसतो असा माझा समज झाला होता.

“बघत व्हते,” मी म्हणालो.

“कोण?”

“बैल. गंजीकडं. दिवसभर. हरण्या तर दावं ताणून जीभ बाहेर काढायचा. रात्री उठलो तरी तसाच उभा. मला बघवंना. म्हणून पाचव्या दिवशी खुंटा उपटून तिकडं ठोकला.”

“म्हंजे त्येंला गंजी दिसू नये म्हणून.”

“हाव.”

“का तुला ते दिसू नयेत म्हणून?”

याचं उत्तर मला येत होतं. ते मी दिलं नाही.

लिंबाजीरावांनी मान हलवून पटका नीट केला आणि अण्णांना म्हणाले, “किसनराव, येतो मी.”

“अवं, ताट वाढलंय! हात धुतलाय तुम्ही!”

“धुतला खरा.” ते माझ्याकडं वळले. “तुझ्या बापाचं मला काय वाटलं न्हाई पोरा. म्हातारा मिशीसाठी कायबी करतोय, अशी माणसं गावोगाव हायत. त्येला बैल दिसतच नव्हते. तुला दिसत व्हते. तू येड्यासारखा माझ्या पोरीच्या मागं लागला व्हतास, ते मला त्या दिशी ती पाटावर बसली तवाच कळलं. तिच्यासाठी तू इतके दिस मुक्या जनावराची भूक बघितलीस, आन् बघवंना तवा दोन पेंढ्या उपसायच्या सोडून खुंटा हलवलास. उद्या तिचं दुखलं-खुपलं, घरात तिचं कुणी काय केलं, आन् तुला बघवलं न्हाई, तर तू काय करशील? तिचं तोंड भिताडाकडं करशील.”

ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर मी भांडलो असतो, माझा स्वभाव तसाच आहे. ते वाईट वाटून बोलत होते. मी उभाच राहिलो. मागं बैल खात होते.

अण्णा त्यांच्या गाडीपर्यंत मागं गेले. पुढच्या वर्षी दगडी ज्वारीच पेरतो म्हणाले, विहीर खणतो म्हणाले, वाटल्यास हुंडा नको म्हणाले. एवढं आयुष्यात त्यांनी कुणाला विनवलं नव्हतं आणि माझ्यासाठी तर मुळीच नाही. लिंबाजीरावांनी त्यांचा हात हातात घेतला, रामराम केला आणि गाडी हाकली. मामा आमच्याकडंच राहिला. कुणीतरी पुरणपोळ्या संपवायला हव्याच होत्या.

त्या दिवसापासून ही सतरा दिवसांची गोष्ट मी कुणालाही सांगायचो तेव्हा अण्णांची म्हणून सांगायचो. हायब्रीड त्यांचं, गंजी त्यांची, मिशा त्यांच्या. लोक पोट धरून हसायचे. सोयरिकी मोडायच्या गोष्टी आमच्याकडं लोकांना फार आवडतात. खुंट्यापाशी आलो की मी गोष्ट संपवून टाकायचो. अण्णा वारले तेव्हा तिसऱ्या दिवशी मामा माझ्याजवळ बसला होता. म्हातारा झाला होता, जुनं काढत बसायचा. तो म्हणाला, “मुंजा, तुला एक सांगायचं ऱ्हायलं. मी नंतर गेलतो लिंबाजीरावाकडं. म्हणलं, पोरीला काय सांगितलं तुम्ही?”

“काय सांगितलं?”

“ती इचारत व्हती म्हणं. पोरगा कसा व्हता, मग न्हाई कामून म्हणलात. तर बाप म्हणला, पोरगा मला पसंत व्हता. कामाचा व्हता, हाताचा चांगला व्हता, खरं बोलत व्हता.”

“मग?”

“मग काय. म्हणला, मला पसंत व्हता गं. त्येच्या बैलांना न्हवता.”

मामा हसला. मी पण हसलो. चांगलं बोलले होते लिंबाजीराव. मग मी उठून गोठ्यात गेलो, बैलांपुढं वैरण होती, तरी आणखी दोन पेंढ्या टाकल्या.